ठोसा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

नागपूरच्या अल्फिया पठाणनं 2021 साली पोलंडमध्ये जागतिक युवा स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. आपल्याकडे बॉक्सिंगचा विषय निघाला की तिचं नाव येतंच, आणि पाठोपाठ एक वाक्यही येतं: 'अव्वल बॉक्सरचे रिफ्लेक्स विजेसारखे असतात.' ऐकायला हे पटतं. पण सेकंदांचा हिशेब मांडला की ते टिकत नाही.

1985 साली ब्रिटनमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला गेला. निघाल्यापासून सुमारे 0.1 सेकंदात मूठ जवळपास अर्धा मीटर पुढे गेली होती आणि आदळताना तिचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता. याउलट, दिवा लागला की बटण दाबायचं एवढ्या साध्या कामालाही धडधाकट तरुणाला 0.2 सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. डोळ्याच्या पडद्यावरची रासायनिक क्रिया, मग मज्जातंतू, मेंदू आणि शेवटी स्नायू, असा तो प्रवास आहे. सरावानं त्यातले फार थोडे मिलिसेकंद वाचतात. त्यातून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) येणार की क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), हुक (बाजूनं येणारा) की अपरकट (खालून वर येणारा), हे माहीत नसेल तर उत्तर निवडायलाच आणखी वेळ जातो. म्हणजे जो नुसता मूठ बघून हलतो, त्याला ठोसा लागलेला असतो.

मग चुकवणारे चुकवतात कसे? ठोसा मुठीत सुरूच होत नाही. सोव्हिएत संशोधकांनी 120 बॉक्सरांचे ठोसे तपासले. त्यात कसलेल्या बॉक्सरांच्या ताकदीत पायांचा वाटा सुमारे 38 टक्के निघाला, नवख्यांमध्ये जेमतेम 17. आधी मागचा पाय जमीन ढकलतो, मग कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि मूठ सगळ्यात शेवटी सुटते. त्यामुळे ठोशाची बातमी आधीच फुटते. नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर ठोसे मारणाऱ्या एका मुलाला बघत होतो. प्रत्येक क्रॉसच्या आधी त्याचा उजवा ग्लोव्ह हनुवटीपासून दोन बोटं खाली यायचा आणि कोपर बाहेर फाकायचं. प्रशिक्षक 'हाथ मत गिरा' म्हणून ओरडत होते. जाणकार प्रतिस्पर्ध्याला तेवढी दोन बोटं पुरतात. तो ग्लोव्हच्या मागे डोळे पळवत नाही, कारण नजर उडी मारते त्या क्षणी मेंदू दिसणं जवळपास बंद ठेवतो. नजर छाती-हनुवटीच्या आसपास स्थिर ठेवायची आणि बाकीचं डोळ्याच्या कडेनं टिपायचं.

आता खरा चमत्कार: फेंट, म्हणजे हूल. मानसशास्त्रज्ञ टेलफर्ड यांनी 1931 साली दाखवलं की एका इशाऱ्याला उत्तर दिल्यावर लगेच दुसरा इशारा आला, तर दुसऱ्याचं उत्तर लांबतं. मेंदूत उत्तर निवडणारी जागा एकच खिडकी असलेल्या तिकीटघरासारखी आहे. पहिला गिऱ्हाईक सुटेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. बॉक्सर खांदा किंचित झटकतो, समोरच्याचा मेंदू त्या खोट्या जॅबचं उत्तर निवडायला घेतो आणि 0.1 सेकंदात खरा ठोसा निघतो. त्या ठोशाला उत्तर द्यायला एरवी 0.3 सेकंद लागले असते, तिथं समजा 0.4 लागतात. दोन इशाऱ्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाकडे गेलं की हा फायदा जवळपास संपतो. आणि समोरच्याला हूल खरी वाटली नाही, तर खिडकी अडतच नाही. म्हणून हुलीत नुसता हात चालत नाही, शरीराचा भारही खऱ्या ठोशासारखा सरकावा लागतो, आणि आधीचे दोन-तीन जॅब खरोखर झोंबलेले असावे लागतात.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जागतिक दर्जा इथं ठरतो. 12 फेऱ्यांच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या सवयी शिकायला वेळ मिळतो, तसा त्यालाही आपल्या सवयी शिकायला मिळतो. 8 डिसेंबर 2012 ला मॅनी पॅक्विआव आणि ह्वान मॅन्युएल मार्केस चौथ्यांदा भिडले. आधीच्या तीन लढतींत 36 फेऱ्या झाल्या होत्या. सहाव्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना पॅक्विआव झेपावला आणि मार्केसचा उजवा ठोसा वाटेतच त्याला भेटला. पॅक्विआव जागेवर कोसळला. माझ्या मते मार्केसनं तो ठोसा झेप बघून मारला नाही, झेप येणार हे धरून मारला.

म्हणूनच 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मुलांचा मेंदू 'जागा' करून देण्याचा दावा करणाऱ्या वर्गांचा राग येतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं नाकाजवळच्या फटीतून वाचतात आणि पालक मेंदू जागा झाला म्हणून पैसे मोजतात. लुकलुकत्या दिव्यांच्या रिअ‍ॅक्शन बोर्डाचाही असाच बोलबाला आहे. त्यावर सराव केला की मुख्यतः त्या बोर्डावरचे गुण वाढतात. दिव्याला खांदा नसतो, कंबर नसते, त्यामुळे वाचायचं काय हे तिथं शिकताच येत नाही.

ते शिकायला माणसंच लागतात: उंच, बुटकी, आणि मुद्दाम शोधून आणलेली डावखुरी, कारण डावखुऱ्यांच्या खुणा उलट्या असतात आणि त्या फार कमी वेळा बघायला मिळतात. स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, मात्र हलक्या हातानं व्हायला हवी. डोक्याला मार बसला की हे सगळं वाचणारा मेंदूच मंदावतो, त्यामुळे तसा मार बसलेल्या मुलाला डॉक्टरनं तपासल्याशिवाय पुन्हा रिंगमध्ये उतरवू नये.