जड लाकूडच जास्त टिकतं?

लाकूड जितकं जड, तितकं टिकाऊ, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. ते खरं नाही. बीच या युरोपीय झाडाचं लाकूड घनमीटरला सुमारे ७०० किलो भरतं, चांगलं कणखर. तरी ओल्या मातीत बुरशी ते काही वर्षांतच खाऊन टाकते. जवळपास निम्म्या वजनाचं वेस्टर्न रेड सीडर या उत्तर अमेरिकी झाडाचं लाकूड तिथेच कितीतरी जास्त टिकतं, कारण त्याच्या गाभ्यातली थुजाप्लिसिन नावाची संयुगं बुरशीला वाढू देत नाहीत. सागात टेक्टोक्विनोन हे संयुग वाळवीला दूर ठेवतं, पण गडद गाभ्यातच. सालीलगतच्या फिकट थरात असं संरक्षण जवळजवळ नसतं, म्हणून अस्सल सागाचाही तो भाग लवकर किडतो. त्यामुळे फळी उचलून वजन जोखण्यापेक्षा तिचं कापलेलं टोक बघा. फिकट पट्टा रुंद असेल, तर ती उघड्यावर वापरू नका.