पडणारे काजूगर आणि चित्र न काढणारा कॅमेरा

काजूच्या कारखान्यात गर नुसते तोलून भागत नाही, मोजावेही लागतात. 240 नंबरचा माल म्हणजे एका पौंडात, अर्थात 454 ग्रॅममध्ये, 220 ते 240 गर. गोव्यातल्या सत्तरी किंवा डिचोलीतल्या एखाद्या कारखान्याने सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी, जिथून गर खाली पडतात, साधा कॅमेरा लावला, तर अडचण वेगाची येते. 20 सेंटीमीटर खाली येईतो गराचा वेग सेकंदाला 2 मीटर होतो. शटर 10 मिलिसेकंद उघडं राहिलं की चित्रात 2 सेंटीमीटरचा फराटा उमटतो, जवळजवळ गराच्याच लांबीचा. शटर झटपट मिटवून प्रखर दिवा लावता येतो, पण मग सेकंदाला शेकडो चित्रं साठवायची, आणि त्यांत बहुतेक रिकामी पाटी.

इव्हेंट कॅमेरा चित्र काढतच नाही. त्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र असतो. आपल्यावरचा उजेड ठरावीक प्रमाणात, समजा 20 टक्के, बदलला तरच तो नोंद करतो: जागा कोणती, वेळ कोणती (मायक्रोसेकंदात), उजेड वाढला की घटला. बाकी वेळ गप्प. 2008 मध्ये झ्युरिकहून आलेला असा सेन्सर 128×128 पिक्सेलचा होता. सोनी आणि प्रोफेसी या कंपन्यांचा आजचा सेन्सर 1280×720 चा आहे. झ्युरिकच्याच संशोधकांनी 2020 मध्ये असा कॅमेरा लावलेला, अंगावर येणारा चेंडू चुकवणारा ड्रोन उडवला. चेंडू ओळखायला त्याला 3.5 मिलिसेकंद पुरले. ड्रोनचं कौतुक खूप झालं, पण माझ्या मते पैसे वसूल होतील ते अशा मोजणीच्या कामांत.

मांडणी साधी आहे. पडत्या गरांमागे दुधी काचेचा प्रकाशित फलक, समोर कॅमेरा. पडण्याच्या वाटेतल्या उभ्या 25 सेंटीमीटरवर 1280 पिक्सेल आले, तर एक पिक्सेल साधारण 0.2 मिलिमीटरचा. गराची खालची कड पुढे सरकते तिथे ‘घटला’च्या नोंदी, वरची कड जागा सोडते तिथे ‘वाढला’च्या. एका मिलिसेकंदातल्या शेजारच्या नोंदींचा पुंजका म्हणजे एक गर. मागून उजेड असल्याने फरक ठळक पडतो, म्हणून नोंद करायची मर्यादा 20 वरून 30-40 टक्क्यांवर नेता येते आणि गोंगाटाच्या, म्हणजे उगाच होणाऱ्या, नोंदी घटतात. उडणारी साल छोटे पुंजके करते, ते आकारावरून गाळायचे. चिकटून पडलेले दोन गर मात्र एकच मोजले जातात. त्यावर उपाय आधीचा, पट्ट्यावर येण्यापूर्वी कंपन-चाळणीवर माल पसरवणं.

बहुतेक वेळा घात करतो तो दिवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, पण इथे 9,21,600 पिक्सेल दर लुकलुकीला दोनदा बोलले तरी सेकंदाला 18 कोटी नोंदी होतात, आणि त्या लोंढ्यात गर सापडत नाहीत. फलकाला डीसी ड्रायव्हरच, म्हणजे दिव्याला न लुकलुकणारा एकसारखा प्रवाह देणारं साधनच, हवा. कॅमेरा पट्ट्याच्याच सांगाड्यावर बसवला तर मोटारीच्या थरथरीने फलकाची कडसुद्धा नोंदी ओकते; स्टँड वेगळा, थेट जमिनीवर उभा करावा. काचेवरची धूळ स्थिर असल्याने दिसतच नाही, फक्त तेवढे पिक्सेल आंधळे होतात. पावसाळ्यात लेन्सवर बाष्प धरलं की कडा मवाळ होतात आणि मोजणी हळूच घसरते, म्हणून रोज सकाळी हाताने मोजलेले 100 गर टाकून पडताळा घ्यावा.

करपलेला गर या कॅमेऱ्याला ओळखता येत नाही; या सेन्सरला रंग कळत नाही. त्यासाठी पट्ट्यावरच, गर पडण्याआधी, साधा रंगीत कॅमेरा लागतोच.