‘शुल्ट’: अपराध की देणं?

१९४५च्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने जर्मन गावांत पोस्टर लावली. छळछावण्यांतल्या प्रेतांचे फोटो आणि वर मजकूर: ‘ही लाजिरवाणी कृत्यं: तुमचा अपराध!’ अपराधासाठी तिथे शब्द होता ‘शुल्ट’. युद्धानंतरच्या त्या वर्षांत ज्यावर कडाक्याचे वाद झाले, तो ‘कोलेक्टिफशुल्ट’ म्हणजे सामूहिक अपराध.

या समासाचं पूर्वपद लॅटिन ‘कोलिगेरे’वरून आलं, अर्थ गोळा करणे. सारा गोळा करणारा आपला कलेक्टर त्याच घराण्यातला. उत्तरपद मात्र अस्सल जर्मन. जुन्या जर्मनमध्ये ‘स्कुलान’ म्हणजे देणं लागणं. त्यातून ‘स्कुल्ट’, आणि ‘स्क’चा ‘श’ होऊन आजचा ‘शुल्ट’. इंग्रजीतले ‘शॅल’ आणि ‘शुड’ त्याचेच भाऊबंद. आजही याच शब्दाचं अनेकवचन केलं, ‘शुल्डन’ म्हटलं, की अर्थ होतो कर्ज.

ही सांगड आपल्याला परकी नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात ऋषी वरुणाला विनवतो: माझी ऋणं दूर कर, आणि हे राजा, दुसऱ्याने केलेलं मला भोगायला लावू नकोस. तिथल्या ‘ऋणा’त देणंही आहे आणि पापही.

पेच नेमका इथेच पडतो. कर्ज भावंडांत वाटलं जातं; खून वाटून घेता येत नाही. पत्नी ज्यू असल्याने नाझींनी १९३७ साली ज्यांची प्राध्यापकी काढून घेतली, त्या तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी हायडेलबर्गमधल्या व्याख्यानांत हा गुंता धीराने उलगडला. फौजदारी गुन्हा ज्याचा त्याचा, नैतिक दोषाचा न्याय ज्याच्या त्याच्या मनाशी. पण आपल्या राज्याने केलेल्या कृत्यांची राजकीय जबाबदारी सगळ्या नागरिकांवर येते, असं त्यांनी मांडलं.

डिसेंबर १९४९मध्ये पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी वीसबाडेनला वेगळा शब्द सुचवला: ‘कोलेक्टिफशाम’, सामूहिक लाज. जर्मन समासात उत्तरपदाचीच सत्ता चालते, आणि त्यांनी नेमकं तेच बदललं. मला हा बदल प्रामाणिक वाटतो, पण अपुरा. लाजेला धनको नसतो. ‘शुल्ट’ म्हटलं की ज्याचं देणं आहे तो समोर उभा राहतो. १० सप्टेंबर १९५२ला लक्झेंबर्गमध्ये पश्चिम जर्मनीने इस्राएलला ३ अब्ज मार्क देण्याचा करार केला. ती रक्कम पुढे वर्षानुवर्षं हप्त्यांनी फेडली गेली.