कारकीर्द-अनुकूलनक्षमता व आशावाद यांचे मापन

कारकीर्द-अनुकूलनक्षमता व आशावाद यांचे मापन : शिक्षण संपवून प्रथमच नोकरी-व्यवसायाकडे वळणारे विद्यार्थी पुढील बदलांना सामोरे जाण्यासाठी स्वतःला कितपत सज्ज समजतात आणि आपल्या कारकीर्दीविषयी कितपत चांगल्या अपेक्षा बाळगतात, हे प्रमाणित प्रश्नावल्यांच्या आधारे जाणून घेण्याची व्यवसाय-मानसशास्त्रातील पद्धती. या दोन गुणांचा परस्परांशी निकटचा संबंध असला, तरी ते एक नव्हेत, आणि मापनाची उपयुक्तता बरीचशी हा भेद राखण्यावर अवलंबून असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रामुख्याने ‘कारकीर्द-परिपक्वता’ मोजली जात असे. वयाच्या ठरावीक टप्प्यावर ठरावीक निर्णय घेण्याची तयारी झाली आहे की नाही, हा त्या कल्पनेचा गाभा होता. प्रौढांचे व्यावसायिक जीवन अशा सरळ टप्प्यांनी पुढे सरकत नाही, हे ध्यानी घेऊन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनल्ड सुपर यांनी १९८१ मध्ये एका सहकाऱ्यासह अनुकूलनक्षमतेची संकल्पना पुढे आणली. मार्क सॅविकस यांनी १९९७ मध्ये ती विद्यार्थ्यांसह सर्व वयोगटांना लागू करावी, असे सुचविले आणि पुढे आपल्या कारकीर्द-रचना सिद्धांतात, म्हणजे व्यक्ती अनुभवांना अर्थ देत स्वतःची कारकीर्द घडविते असे मानणाऱ्या सिद्धांतात, तिला मध्यवर्ती स्थान दिले.

सॅविकस व एरिक पॉर्फेली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली कारकीर्द-अनुकूलनक्षमता मापनश्रेणी हे या क्षेत्रातील सर्वाधिक वापरले जाणारे साधन होय. तेरा देशांतील संशोधकांच्या सहकार्याने ती तयार झाली. तिच्यात २४ विधाने असून ती प्रत्येकी सहा याप्रमाणे चार घटकांत विभागलेली आहेत : भविष्याची जाणीव, म्हणजे पुढे काय करावयाचे याचा आधीपासून विचार, नियंत्रण, म्हणजे निर्णयाची जबाबदारी स्वतः घेणे, जिज्ञासा, म्हणजे पर्यायांचा व स्वतःच्या आवडीनिवडींचा शोध, आणि आत्मविश्वास, म्हणजे अडचणी सोडविता येतील असा भरवसा. प्रत्येक क्षमता आपल्यात किती बळकट आहे, हे विद्यार्थी एक ते पाच या श्रेणीत नोंदवितो. म्हणून एकूण गुण २४ ते १२० या मर्यादेत येतात. समुपदेशकाला मात्र या बेरजेपेक्षा चार घटकांची तुलनात्मक आकृती अधिक उपयोगी पडते. भविष्याची जाणीव तीव्र, पण नियंत्रण क्षीण असलेला विद्यार्थी आणि आत्मविश्वास भरपूर, पण जिज्ञासा कमी असलेला विद्यार्थी यांची बेरीज समान भरू शकते. त्यांना लागणारे साहाय्य मात्र पूर्णतः वेगळे असते. वेळ कमी असेल तेथे १२ विधानांची संक्षिप्त आवृत्तीही वापरतात.

अनुकूलनक्षमता व आशावाद एकाच प्रश्नावलीत मोजण्याचा मार्ग पॅट्रिक रॉटिंगहाउस व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविला. त्यांच्या कारकीर्द-भविष्य सूचीत २५ विधाने असून त्यांपैकी ११ अनुकूलनक्षमतेविषयी, ११ आशावादाविषयी आणि तीन रोजगाराच्या बाजारपेठेविषयी स्वतःला किती माहिती आहे असे वाटते, याविषयी आहेत. शेवटचा भाग आकाराने लहान असला, तरी महत्त्वाचा आहे, कारण बाजारपेठेच्या माहितीचा आधार नसलेला आशावाद आणि ती जाणून बाळगलेला आशावाद यांतील फरक एरवी निसटतो. कारकीर्दीपुरता मर्यादित नसलेला, स्वभावगत आशावाद मोजण्यासाठी मायकल शायर व चार्ल्स कार्व्हर यांची १९८५ मधील कसोटी आणि तिची १९९४ मधील सुधारित आवृत्ती प्रचलित आहे. सुधारित आवृत्तीतील दहा विधानांपैकी चार केवळ पूरक असून त्यांचे गुण धरले जात नाहीत; उरलेल्या सहांपैकी तीन निराशावादी असल्याने त्यांचे गुण उलटे करून मोजतात.

कारकीर्द-रचना सिद्धांतानुसार आशावाद ही बदल स्वीकारण्याची वृत्ती, तर अनुकूलनक्षमता ही त्या बदलासाठी हाताशी असलेली मानसिक साधने होत. सर्व ठीक होईल असा विश्वास असूनही पर्यायांचा शोध न घेणारा विद्यार्थी, आणि कसून तयारी करूनही भविष्याविषयी साशंक राहणारा विद्यार्थी, हे दोघेही वास्तवात आढळतात. अनेक अध्ययनांच्या एकत्रित विश्लेषणात या दोन गुणांचा सकारात्मक सहसंबंध दिसतो. तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

या साधनांची सर्वांत मोठी मर्यादा अशी की, ती स्वतःविषयीचे मत मोजतात, प्रत्यक्ष वर्तन नव्हे. चांगली प्रतिमा निर्माण करण्याच्या इच्छेने उत्तरे फुगतात. त्यामुळे उमेदवारांच्या निवडीसाठी त्यांचा वापर करणे अयोग्य ठरते. कारकीर्द-अनुकूलनक्षमता मापनश्रेणीच्या घटकांची रचना तेराही देशांत सारखी आढळली, परंतु देशादेशांच्या सरासरी गुणांची थेट तुलना करण्यास आवश्यक तेवढी समतुल्यता सिद्ध झाली नाही. म्हणून एखाद्या देशातील विद्यार्थी दुसऱ्या देशातील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक अनुकूलनक्षम आहेत, असा निष्कर्ष केवळ गुणांवरून काढता येत नाही.

मापन केव्हा केले जाते, यालाही महत्त्व आहे. शेवटच्या सत्रात एकदाच घेतलेल्या नोंदीपेक्षा शिक्षण संपण्यापूर्वी, नोकरीच्या शोधात असताना आणि कामावर रुजू झाल्यानंतर घेतलेल्या नोंदी बदलाची दिशा दाखवितात. नेदरलँड्समधील पदवीधरांच्या एका लहान गटावर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अल्पकालीन प्रशिक्षणानंतर भविष्याची जाणीव, नियंत्रण व जिज्ञासा यांत वाढ आढळली आणि सहा महिन्यांनी नोकरीत असलेल्या प्रशिक्षितांनी आपल्या नोकरीचा दर्जा प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा चांगला असल्याचे नोंदविले. अनुकूलनक्षमता शिकविता येते, या मताला अशा पुनरावृत्त मापनामुळेच आधार मिळाला आहे.