पायाला चिकटलेल्या डांबराचं गाव कोणतं?

जूनमध्ये गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलं की दाराशी खोबरेल तेलाची बाटली लागतेच. टाचेला चिकटलेलं काळं डांबर साबणाला दाद देत नाही. तेल चोळायचं, जुन्या फडक्याने पुसायचं, पुन्हा चोळायचं. केरीपासून बेतूलपर्यंत पावसाळ्याची ही ठरलेली भेट. नैऋत्येचा वारा सुटला की समुद्रावर तरंगणारं बरंचसं काही तो आपल्या वाळूवर आणून टाकतो, त्यातच हे डांबराचे गोळे. कपाटात ठेवायच्या पांढऱ्या डांबरगोळ्यांशी यांचं नाव तेवढं जुळतं. हे म्हणजे सांडलेल्या खनिज तेलातलं हलकं द्रव्य उडून गेल्यावर मागे राहिलेला साका.

मग किनाऱ्यावर तर्क सुरू होतात. कोणी म्हणतं, बॉम्बे हायचं तेल असणार. 1974 मध्ये समुद्रात सापडलेलं ते तेलक्षेत्र आपल्या वायव्येला, तेव्हा संशय साहजिकच. कोणी आखातातून येणाऱ्या टँकरांकडे बोट दाखवतं. पण खुद्द गोळ्यालाच विचारण्याची सोय आहे, आणि ती दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत वापरलीही गेली आहे.

गोळ्याचा छोटा तुकडा द्रावकात विरघळवून त्याचा थेंब यंत्रात सोडतात. आत साधारण 30 मीटर लांबीची, पाव मिलिमीटर पोकळीची नळी वेटोळं करून ठेवलेली असते. उष्णता हळूहळू वाढवत नेली की हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागून. पुढचं यंत्र प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजतं. कागदावर उमटते ती सुळक्यांची रांग, आणि याच रांगेला तेलाचा ठसा म्हणतात.

ठसा वेगळा का असतो, याचं उत्तर तेलाच्या जन्मात आहे. 1934 मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने खनिज तेलात हरितद्रव्यापासून आलेले रेणू ओळखले. तेल सजीवांपासून बनतं याचा तो भक्कम पुरावा होता. ज्या गाळात जे जगलं-मेलं, त्याच्या खुणा तेलात राहतात. शैवालाच्या वेगळ्या, जिवाणूंच्या वेगळ्या. ओलिअनेन हा रेणू सापडला तर समजायचं, त्या गाळात फुलझाडांचा पालापाचोळा वाहून आला होता.

यातलं माझं आवडतं नाव होपेन. तेलातलं होपेन येतं जिवाणूंच्या पेशींच्या आवरणातून, पण नाव पडलंय होपिया या झाडांवरून. हे राळ देणाऱ्या झाडांचं कूळ, आणि या रेणूचा भाऊबंद आधी राळेतच सापडला होता. होपियाच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतही वाढतात. दशावतारात दिवटीवर राळ उडवली की भपकन जाळ होतो, त्या राळेचं नातं असं पार तेलविहिरीपर्यंत पोचतं!

तपासात होपेन कामी येतं ते त्याच्या चिवटपणामुळे. सांडलेल्या तेलातले हलके रेणू काही दिवसांतच उडून जातात, सरळ साखळीचे रेणू समुद्रातले जिवाणू आधी फस्त करतात. होपेनला मात्र ते सहसा तोंड लावत नाहीत. समुद्रतळाच्या चुनखडीच्या गाळात घडलेल्या आखाती तेलात 29 कार्बनच्या होपेनचा सुळका 30 कार्बनवाल्याच्या तोडीचा असतो. आग्नेय आशियाच्या तेलात तो बराच बुटका दिसतो.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरचे गोळे बॉम्बे हायच्या तेलाशी ताडून पाहिले. आखाती आणि आग्नेय आशियाई तेलांची आधी छापलेली आकडेवारीही शेजारी ठेवली. नुसत्या खास खुणांवर न थांबता कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाणही मोजलं. निष्कर्ष निघाला तो किनाऱ्यावरच्या तर्कांना धक्का देणारा: बॉम्बे हाय नव्हे, तेल आग्नेय आशियातलं, आणि टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातून आलेलं.

अर्थात हा निकाल त्या गोळ्यांपुरता. पुढच्या पावसाळ्यातला गोळा दुसऱ्याच गावचा असू शकतो, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने तपासायला हवं. आणि ठशावरून कळतं ते तेलाचं मूळ, सांडणाऱ्याचं नाव नव्हे. त्यासाठी संशयित जहाजाच्या टाकीतलाच नमुना मिळायला हवा. गोळा मोरजीच्या वाळूला लागेपर्यंत ते जहाज कधीच दुसऱ्या बंदराला लागलेलं असतं, धुतलेल्या टाकीत नवं तेल भरून.