ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं? नाही

सर्व्हिस सेंटरमधला माणूस डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढतो, पांढऱ्या फडक्यावर पुसतो आणि काळा डाग आपल्या नाकासमोर धरतो: "बघा साहेब, ऑइल पार गेलंय." माझी गाडी १४ वर्षांची, त्यामुळे हा प्रयोग मी बऱ्याचदा पाहिलाय. गाडी जुनी दिसली की तो जरा जास्तच रंगतो.

ऑइल काळं पडतं ते काम करतंय म्हणून. त्यातली रसायनं इंजिनातली काजळी सोडवतात आणि तिचे बारीक कण तरंगत ठेवतात, म्हणजे त्यांचा गाळ बसत नाही. डिझेल गाडीत तर नवंकोरं ऑइलही काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं.

रंगाला घाबरायचंच असेल तर दुधाळ, कॉफीसारख्या रंगाला घाबरा. तेव्हा ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मिसळत असू शकतं. बदलायचं कधी, ते मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिन्यांत दिलेलं असतं, जे आधी भरेल ते.

जुन्या गाडीत मी रंगापेक्षा पातळी बघतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून ५-१० मिनिटं झालेली, आणि ऑइल डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मधे. माझी ऑइल पिते, म्हणून दर दुसऱ्या टाकीला बॉनेट उघडतोच.