व्हेपमधली चिप नेमकं काय करते?

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडायची म्हणून व्हेप (ई-सिगारेट, म्हणजे निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण) घ्यायला निघालेल्या माणसाला दोन जातींची उपकरणं भेटतात. रेग्युलेटेड उपकरणात सेल आणि कॉइल (द्रव तापवणारं तारेचं वेटोळं) यांच्या मधे इलेक्ट्रॉनिक चिप असते. मेकॅनिकल मॉडमध्ये धातूची नळी, सेल, बटण आणि तापणारी कॉइल, एवढंच. नवख्याने मेकॅनिकलच्या वाटेला जाऊच नये, असं आमचं ठाम मत आहे. (आणि जो सिगारेट ओढतच नाही, त्याने दोन्हींच्या. निकोटिनची सवय लागते.)

मेकॅनिकलचं बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. प्रवाह किती वाहील हे शाळेत शिकलेला ओहमचा नियम ठरवतो: व्होल्टेज भागिले रोध. १८ मिमी व्यासाचा, ६५ मिमी लांबीचा १८६५० सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर वाहतात, ०.२ ची असेल तर २१, आणि ०.१ ची असेल तर ४२. सॅमसंगच्या २५आर सेलची सलग प्रवाहाची मर्यादा २० अँपिअर आहे, म्हणजे ०.२ ओहमलाच ती ओलांडली जाते. हाताने गुंडाळलेल्या कॉइलची तार कुठे भलतीकडे टेकली तर रोध आणखी घसरतो, आणि तो घसरल्याचं ओळखणारं उपकरणात काहीच नसतं. सेल आतून तापतो, त्यातल्या धन-ऋण बाजू वेगळ्या ठेवणारा विलगक पडदा वितळतो, वायू साठतो. बंद नळीत त्या वायूला वाट मिळाली नाही तर स्फोट होतो. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे व्हेपच्या अशाच स्फोटात एका माणसाचा जीव गेला. उडालेले तुकडे त्याच्या डोक्यात घुसले होते.

दोन जागी हमखास घात होतो. पहिली जागा सेलचं प्लास्टिकचं आवरण. सेलचा संपूर्ण पत्रा, अगदी वरची कडसुद्धा, ऋण असते. धन असतं ते फक्त मधलं बटण. त्या कडेपाशी आवरण जरासं जरी फाटलं तरी शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. असा सेल वापरू नये, आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नये; प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. दुसरी जागा हायब्रिड जोडणी, म्हणजे ॲटमायझर (कॉइल असलेला वरचा भाग) थेट सेलवर टेकतो ती. तिथे ॲटमायझरची मधली पिन आट्यांच्या पुढे आलेली नसेल, तर सेलचं धन टोक थेट ऋण असलेल्या आट्यांना टेकतं आणि शॉर्ट होतो.

रेग्युलेटेड उपकरणातली चिप आधी कॉइलचा रोध मोजते. तो फार कमी असेल किंवा शॉर्ट असेल तर वीज सोडतच नाही. बटण दाबून धरलं तर साधारण १० सेकंदांनी बंद करते, आणि सेल उतरत आला की थांबते.

तरी सेल बदलता येणाऱ्या उपकरणात एक हिशेब उरतोच, आणि बरेच जण तो उलटा मांडतात. मेकॅनिकलमध्ये सेल उतरेल तसा प्रवाह कमी होतो. चिप मात्र वॉट कायम राखते, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की ती सेलमधून जास्त प्रवाह ओढते. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४० वॉटला ४.२ व्होल्टवर सुमारे १०.६ अँपिअर लागतात, ३.२ व्होल्टवर १३.९. एकाच सेलवर ८० वॉट लावले तर शेवटी शेवटी जवळजवळ २८. म्हणून सेलची मर्यादा उतरलेल्या व्होल्टेजवर लागणाऱ्या प्रवाहाशी ताडून पाहायची. इथे कॉइलचा रोध धरायचा नसतो.

सिगारेटसारखा ओढा हवा असलेल्या नवख्याला सेल आतच बसवलेलं पॉड (द्रवाची कुपी लावायचं छोटं उपकरण) पुरे: १ ते १.२ ओहमची कॉइल, १० ते १५ वॉट. नवी कॉइल बसवल्यावर पॉड द्रवाने भरून १० मिनिटं तसंच ठेवायचं. कॉइलमधला द्रव शोषणारा कापूस भिजण्याआधी बटण दाबलं तर तो जळतो, आणि तो करपट वास त्या कॉइलमधून पुन्हा जात नाही. ब्रिटनमध्ये द्रवातल्या निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे.

विमानात उपकरण आणि सुटे सेल दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवावे लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. भारतात यायचं असेल तर मात्र ते तिकडेच ठेवून यावं. २०१९ च्या कायद्याने इथे ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे, मग उपकरणात चिप असो वा नसो.